जन्मदराचं खापर कायद्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पत्रांच्या पानावर आमच्या ग्वाल्हेरच्याच एका गृहस्थांचं पत्र होतं. इथली मराठी वस्ती विरळ होत चालली, गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धेला पाच पोरं जमवताना कार्यकर्त्यांची दमछाक होते, असं त्यांनी कळवळून लिहिलंय. इथपर्यंत मीही मान डोलावली. पुढे उपाय सुचवलाय: गर्भपाताचा कायदा कडक करा, जन्मदर आपोआप वर येईल. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

मी निवृत्त परिचारिका आहे. वय ७६, मुक्काम ग्वाल्हेरचा लष्कर भाग. १९७० पासून सरकारी दवाखान्यांच्या प्रसूती विभागात नोकरी केली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं गर्भपाताचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. त्या गृहस्थांच्या घरातलं एखादं बाळंतपणही माझ्या हातून झालं असेल, सांगता येत नाही. त्यांच्याशी भांडण नाही. पण कायदा कडक होता तेव्हाचे दिवस मी पाहिलेत.

१९५८ साल. मी नऊ वर्षांची. जीवाजीगंजातल्या आमच्या वाड्यात मावशी राहायची, पाच मुलांची आई. थोरला चौदाचा, धाकटी पाळण्यात. वैशाखात एका दुपारी दाई आली आणि आम्हा पोरांना गच्चीवर पापड राखायला पिटाळलं. तहान लागली म्हणून मी खाली आले, तर मोरीत मावशीचं लुगडं घंगाळात बुडवलेलं आणि घंगाळातलं पाणी लाल. आईने माझ्या हातात गडू दिला आणि परत वर पाठवलं. आठवडाभराने मावशीची दातखीळ बसली. दहाव्या दिवशी ती गेली. घरात सांगितलं, विषमज्वर. पुढे कितीतरी वर्षं आम्ही विषमज्वरच म्हणत होतो. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मी धनुर्वाताची पहिली पेशंट पाहिली, तिची धनुष्यासारखी ताणलेली पाठ पाहिली, आणि मावशीचा विषमज्वर कोणता ते मला कळलं.

तेव्हा भारतीय दंड विधानाचं ३१२ कलम होतं, १८६० पासूनचं. गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात मूल हलू लागलं असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार. याहून कडक काय करणार? त्या कायद्याने मावशीला सहावं मूल झालं नाही. पाच मुलं आईवाचून वाढली, आणि पाळण्यातली होती ती पुढच्या पावसाळ्यात जुलाबाने गेली. कुणाला जन्मदराचा हिशेब मांडायचाच असेल तर ही वजाबाकीही मांडावी.

अशा मावश्या घरोघरी होत्या, म्हणून तर सरकारने १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ ला आला, गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ ला झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. तारखेवरून आमच्या डॉक्टर मंडळींनी पुष्कळ थट्टा केली. पण जंतुसंसर्ग झालेल्या बायकांच्या सेप्टिक वॉर्डातल्या खाटा हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या, ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. आधी रात्रपाळीला गेलं की दाराशीच तो वास यायचा. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

आता रजिस्टरविषयी. ते गुप्त असतं, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पदराला. केसपेपरवर बाईच्या नावाऐवजी नंबर. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी नष्ट करायचं असा नियम, त्यामुळे मी लिहिलेलं एकही पान आज शिल्लक नसणार. नावं मी सांगणार नाही, आणि खरं तर मला आठवतही नाहीत. पण केसपेपरच्या कोपऱ्यात आम्ही 'जी' आणि 'पी' लिहायचो ते आकडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. जी म्हणजे कितव्यांदा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली. जी ५ पी ४. जी ४ पी ३. जी ७ पी ५. लोकांना वाटतं, गर्भपाताला येते ती कुणी तरी चुकलेली पोर. तशाही यायच्या, आईच्या मागे लपत. पण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बहुतेक जणी पोराबाळांच्या आया होत्या. एक पोर कडेवर, एक पदराला धरून, आणि 'सिस्टर, दिन चढ़ गए हैं' एवढंच हळूच म्हणायच्या. त्या मूल नको म्हणायला यायच्या नाहीत, आणखी एक नको म्हणायला यायच्या.

रजिस्टरात कारणाचा रकाना असायचा. तिथे आम्ही सर्रास लिहायचो 'गर्भनिरोधक साधन निकामी'. कारण विवाहित बाईसाठी कायद्यात हे कारण बसायचं. ज्या बाईने जन्मात तांबी पाहिली नाही, निरोधचं पाकीट हातात धरलं नाही, तिचंही साधन निकामी! भिंडच्या बाजूची एक बाई मला म्हणाली होती, 'साधन तो आदमी है, वही निकम्मा है.' ओ.टी.तल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरातल्या, सगळ्या हसल्या. रकान्यात मात्र छापील उत्तरच गेलं.

खरं कारण रकान्याबाहेर असायचं. ते मला नव्वदच्या दशकात नीट कळलं, बिर्लानगरची जे. सी. मिल बंद पडली तेव्हा. तेव्हा कायद्याला कुणी हात लावला नव्हता, डॉक्टर तेच होते, साधनंही तीच. पण हजिरा आणि बिर्लानगरकडून येणाऱ्या बायका वाढल्या. मिलमधल्या माणसाची बायको एरवी तिसरं, चौथं 'होऊन जाऊ दे' म्हणायची. पगार थांबल्यावर तीच म्हणू लागली की आता हे नाही परवडत. एकीने कुडीचा जोड विकून रिक्षाचं भाडं भरलं होतं. तिला मी कायद्याचं कलम सांगितलं असतं, कडक किंवा सैल, तर तिचा निर्णय बदलला असता का?

आणखी एक किस्सा. आमच्या राज्यात नियम आला की २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरी मिळणार नाही. पंचायतीतही दोन अपत्यांची अट घातली. लगेच माझ्याकडे नव्याच प्रकारच्या बायका येऊ लागल्या. चांगल्या साडीतल्या, नवरा बाहेर स्कूटरवर. शिक्षक, पटवारी, होऊ घातलेले सरपंच यांच्या बायका. मूल हवं होतं, पण नवऱ्याची नोकरी किंवा खुर्ची जात होती. एक जण तर टेबलावर पडल्या पडल्या रडत म्हणाली, 'मुझे तो चाहिए था.' कायदा गर्भपाताचा नव्हता, पण त्या कायद्याने ती टेबलावर आली. मध्य प्रदेशच्या मुख्य सचिव राहिलेल्या निर्मला बुच यांनी पाच राज्यांत याचा अभ्यास केला. पद वाचवायला गर्भपात करवलेले, बायको सोडून दिलेले, मूल दत्तक दिल्याचं दाखवलेले, सगळे नमुने त्यांना सापडले. २००५ मध्ये आपल्याकडे पंचायतीची अट काढून टाकली.

आणि माझ्या पापाचंही सांगते. १९७६ ला आणीबाणीत आम्हाला नसबंदीच्या केसेसचं टार्गेट होतं. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त ऑपरेशनं झाली. आमच्याकडे 'सफाई'ला, म्हणजे गर्भपाताला, आलेल्या बाईला आम्ही म्हणायचो, ऑपरेशनचा कागद सही कर, मग टेबलावर घेऊ. मीसुद्धा म्हटलंय. कायद्यात अशी अट कुठेच नव्हती. पुढचं वर्षभर बायका आमच्याकडे फिरकेनात, पुन्हा दाईकडे गेल्या, आणि बंद झालेल्या सेप्टिक वॉर्डात दोन खाटा परत घालाव्या लागल्या. लोकसंख्येचा आकडा हातात धरून बाईच्या पोटाकडे बघितलं की काय होतं, ते मी पलीकडच्या बाजूनेही केलंय. तेव्हा कमी करायचे होते, आता वाढवायचे आहेत, एवढाच फरक.

नातवाने मोबाईलवर आकडे काढून दिले, तेही लिहिते. १९७१ साली भारतात एका बाईला सरासरी ५.२ मुलं होत. कायदा आला, आणि दहा वर्षांनी आकडा होता ४.५. म्हणजे पाळणे काही धडाधड रिकामे झाले नाहीत. १९९२-९३ च्या पाहणीत मध्य प्रदेशचा आकडा ३.९ होता, २०१९-२१ च्या पाहणीत २.० झाला. याच पाहणीत बिहार ३.०, केरळ १.८ आणि सिक्कीम १.१. कायदा सगळ्यांना एकच! मग सिक्कीमची बाई आणि बिहारची बाई यांच्यात फरक कशाने पडला? लग्न कितव्या वर्षी झालं, शाळेत किती वर्षं गेली, झालेली मुलं जगतात याची खात्री आहे की नाही, यानेच.

कडक कायद्याचा खरा प्रयोग पाहायचा तर रुमानियात झालाय. तिथे हुकूमशहा चाउशेस्कूने ऑक्टोबर १९६६ मध्ये एका फटक्यात बंदी घातली. पंचेचाळिशी उलटलेल्या किंवा चार मुलं असलेल्या बायकांना आणि काही मोजक्या कारणांसाठी सूट, बाकीच्यांना नाही. गर्भनिरोधकंही मिळेनाशी झाली. १९६६ मध्ये पावणेतीन लाखांच्या आत बाळं जन्मली होती, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांवर. दुप्पट! आमच्या गृहस्थांना हा आकडा आवडेल. पण मी बाळंतपणाच्या खोलीत उभी राहिलेली बाई आहे, मला त्या वर्षीच्या तिथल्या सिस्टर दिसतात. खाटा तेवढ्याच, दाया तेवढ्याच आणि बाळं दुप्पट. आणि पुढे? दोन-चार वर्षांत बायकांनी वाटा शोधल्या, जन्मदर उतरू लागला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जिथे होता तिथे येऊन टेकला. मग कारखान्यात बायकांची तपासणी सुरू झाली, कुणाला दिवस गेलेत ते पाहायला. जन्मदर काही पूर्वीसारखा चढला नाही. वाढले ते मातामृत्यू. हजारो बायका गेल्या, अनाथालयं भरून वाहू लागली. चाउशेस्कूला २५ डिसेंबर १९८९ ला गोळ्या घातल्या, आणि नव्या सरकारने दुसऱ्याच दिवशी ही बंदी उठवली. पहिल्या कामांतलं एक काम ते.

पोलंडचं थोडक्यात. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाच्या निकालाने होता तोही कायदा आवळला गेला. त्या वर्षी साडेतीन लाखांहून जास्त मुलं जन्मली होती, २०२४ मध्ये अडीच लाखांच्या आसपास. बायकांनी भीतीने दिवस राहू देणंच टाळलं असं म्हणतात, आणि मला ते पटतं. पोटात काही बिघडलं तर डॉक्टर हात लावेल की नाही याची खात्री नसेल, तर कोण धाडस करील? आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये २०१२ साली अशीच गेली. गर्भ वाचणार नाही हे दिसत होतं, तरी ठोके चालू आहेत म्हणून थांबले. जंतुसंसर्गाने तिचा जीव गेला. धनुर्वात नव्हता, शहरातलं मोठं हॉस्पिटल होतं, साल १९५८ नव्हतं.

खोटं बोलायचं नाही म्हणून दुसरी बाजूही लिहिते. अमेरिकेत जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल फिरवला आणि काही राज्यांनी बंदी घातली. त्या राज्यांत जन्म वाढले, अपेक्षेपेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. वाढले म्हणजे वाढलेच. पण कुणाचे? ज्यांच्याकडे दुसऱ्या राज्यात जायला पैसे नव्हते, रजा नव्हती, त्यांचे. त्याच राज्यांत तान्ह्या बाळांचे मृत्यूही अपेक्षेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त निघाले. आणि देशाचा एकूण जन्मदर? तो घसरतच राहिला. कायद्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. जिची पळायची ऐपत नाही तिच्यापुरतं होतं.

आपल्याकडे तर आता गोळ्या आहेत. २००२ मध्ये परवानगी मिळाली. २०१५ साली देशात सुमारे दीड कोटी गर्भपात झाले असा अंदाज आहे, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे कायदा कडक करून तुम्ही कुलूप लावणार दवाखान्याला, आणि बाई असणार मेडिकलच्या दुकानाच्या मागच्या दाराशी.

याचाही अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक मुलगी, तिशीची, एक मूल पदरी, नवरा नोकरीला सुरतेत. सातवा आठवडा. तिला घेऊन मी एका नर्सिंग होममध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, 'पति की साइन?' मी म्हटलं, बाळा, अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, कायद्यात दुसऱ्या कुणाची सही नाही. तो म्हणाला, 'माताजी, यहाँ लगती है.' आत बसलेल्या बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' असं हिंदीत लिहिलेली. म्हणजे एका कायद्याची पाटी दाखवून दुसरा कायदा नाकारायचा! मुलगी रडवेली होऊन घरी आली. तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणलं, कसं घ्यायचं ते धड कुणी सांगितलं नाही, आणि रात्री दोन वाजता तिच्या सासूने माझं दार ठोठावलं. रक्ताने भिजलेली चादर मी १९७२ नंतर पुन्हा पाहणार नाही असं वाटलं होतं. वाचली. आम्ही रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेली. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढवली, 'नवरा' हा शब्द काढून 'जोडीदार' घातला, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित मुलींनाही हक्क आहे असं सांगितलं, सगळं खरं. काउंटरवरच्या मुलापर्यंत काय पोचलं?

त्या पाटीवरून आठवलं. गृहस्थांना आमच्या भागातली मुलं कुठे गेली ते शोधायचंच असेल तर २०११ च्या जनगणनेचं पान काढावं. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड, तिन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. लिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४ चा आहे, कडक आहे, आणि असायलाच हवा. तरी मुली गेल्या. सोनोग्राफी करणारा सोमवारी या म्हणाला तर मुलगा आणि शुक्रवारी या म्हणाला तर मुलगी, अशी खूण इथे सगळ्यांना माहीत होती. त्या न जन्मलेल्या मुली आज पंधरा-विशीच्या असत्या, आणि त्यांच्या आधी गेलेल्या वीस-पंचविशीच्या. आज आमच्याकडे लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून जे रडतात, त्यांच्यातले काही तेव्हा माझ्या ओ.टी.च्या बाहेर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे असायचे, आणि मुलगी झाली की पुडा पिशवीत ठेवून द्यायचे. यावर मी आणखी लिहू शकते, पण संपादक कात्री लावतील.

उरला प्रश्न आमच्या मराठी वस्तीचा. आमच्या वाड्यात १९६० साली मोजून तेवीस पोरं होती. आज दोन, तीही भाडेकरूंची. बाकीची कुठे गेली? पोटात मेली नाहीत, झेलम एक्सप्रेसने पुण्याला गेली. माझा मुलगा गेला, पुतणे गेले, त्या गृहस्थांचेही बहुधा तिकडेच असतील. लष्करातला मराठी जन्मदर तुम्ही कसाही वाढवा, बारावीनंतर तिकीट काढलं जाणारच.

डिसेंबर २०२४ मध्ये मोहन भागवतांनी नागपुरात तीन मुलांचा सल्ला दिला, तो माझ्या जावेने फोन करून मला वाचून दाखवला. मी तिला म्हटलं, बाळंतपणाच्या रजेचा कायदा वाच. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा आहे, तिसऱ्याला १२. पन्नास माणसं कामाला असली की पाळणाघर हवं असंही त्यात लिहिलंय. किती ठिकाणी आहे ते सुनांना विचारावं.

मी विचारलं. नातसून हिंजवडीला कामाला आहे, पोरगी तीन वर्षांची. गेल्या दिवाळीला मीही इतर म्हाताऱ्यांसारखंच म्हटलं, एकीला भावंडं नको का? ती लाडू वळत होती. वळता वळताच म्हणाली, 'हवं ना आजी. पाळणाघराला महिन्याला चौदा हजार जातात, संध्याकाळी सातला बंद होतं, आणि माझी मीटिंग साडेसातला संपते. तुम्ही येऊन राहता का दोन वर्षं?' माझे दोन्ही गुडघे गेलेत, चौथा मजला, लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. मी लाडवाचं ताट तिच्याकडे सरकवलं आणि विषय बदलला.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका
लष्कर, ग्वाल्हेर

(माझं नाव छापू नये. फोन आलेच तर ज्यांना रजिस्टरातली नावं हवीत त्यांना देऊ नयेत, बाकीच्यांना नंबर द्यायला हरकत नाही.)